लोहपचींचं बारसं

एकट्या बाईनं स्वतःच्या पाठीला घामोळ्यांची पावडर कशी लावायची, हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शोधून काढलं. पलंगावर चादर अंथरायची, तिच्यावर पावडर शिंपडायची, मग उताणं पडून जरा डावीकडं, जरा उजवीकडं सरकायचं. जिथं लागायची तिथं लागते. दोन खांद्यांच्या बराबर मधली जागा मात्र राहूनच जाते, कारण तिथं पाठीला खळगा असतो आणि चादर काही खळग्यात शिरत नाही. जालन्याच्या मे महिन्यात ती जागा अशी काही चावते की घरात आपण किती माणसं आहोत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेत ‘नाही’ म्हणायचे आणि घरी ‘न्हाई’. निवृत्त झाल्यापासून घरीच असते, पण ‘न्हाई’ म्हणायला समोर कुणी नसतं. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारे काही थकले, काही वारले. उरलेल्यांच्या मी तोंडी लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी अशीच चादरीवर सरकत पडले होते आणि फोन वाजला. भाचीचा होता, माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचा. ती पुण्यात नोकरीला. सणासुदीला तिचा फोन यायचा, ‘आत्या, जेवलीस का, तब्येत बरी आहे ना’ एवढ्यावर संपायचा. त्या दिवशी मात्र तिनं तब्येत विचारली नाही.

“आत्या, लोखंड पचवून जगतात त्यांना आपण काय म्हणायचो गं?”

“लोहपची,” मी म्हणाले. पडल्या पडल्या, दम न घेता.

“हां, लोहपची. बघ ना, मी पार विसरून गेल्ते.” मग तिनं सांगितलं की तिच्या कंपनीत एक खेळ तयार होतोय, कॉम्प्युटरवरचा. लोखंडाचा एक ग्रह आहे आणि त्याच्यावर राहणारे प्राणी हवे आहेत. “आपले आठवले मला. चित्रं डोळ्यापुढं आहेत, पण नावं आठवेनात. तू सांगशील?”

मी उठून बसले. पाठ खाजत होती ती थांबली म्हणणार नाही, पण विसरले खरी.

आता हे लोहपची म्हणजे काय, ते सांगते.

भाऊ वाटूरजवळच्या खेड्यात मास्तर होता. पोरगी हुशार निघाली म्हणून पाचवीला त्यानं तिला माझ्याकडं जालन्याला आणून सोडलं. माझं घर नवीन जालन्यात, स्टेशनापासून फार लांब नाही. वारं लोखंडाच्या मिलांकडून सुटलं की गच्चीवर काळी भुकटी पडते. वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर हात फिरवला की बोटं काळी. मी रोज झाडू घेऊन त्या भुकटीच्या नावानं बोटं मोडायचे. पोरीनं पहिल्याच आठवड्यात माझ्या प्रयोगाच्या डब्यातलं चुंबक काढलं, दोरीला बांधलं आणि गच्चीभर फिरवलं. चुंबकाला ही दाढी आली.

“आत्या, इतकं लोखंड पडून राह्यलंय. हे कुणीच कसं खात न्हाई?”

“लोखंड न्हाई खात कुणी.”

“खाल्लं तर?”

“दात पडतील.”

“दात बी लोखंडाचेच असले तर?”

आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारायला सांगितलं आणि घरात एक विचारणारी आली तर मला उत्तर सुचेना. मी म्हणाले, “मग त्याचं चित्र काढून दाखव.” तिला वाटलं आत्यानं परवानगी दिली. खरं म्हणजे मला कुकर उतरवायचा होता.

चित्र निघालं. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या पानांवर ती काढायची, अशी पानं माझ्याकडं भरपूर. मग आमचं असं ठरलं की माणसं कधीच संपून गेली आहेत. मिला उभ्या आहेत, भट्ट्या आपोआप चालतात, आणि भंगाराच्या ढिगातून नवीन जीवसृष्टी निघाली आहे. तिची हाडं लोखंडाची, रक्त जड, चाल सावकाश. चित्रं काढायची तिनं. नावं ठेवायची मी.

मला शास्त्रातल्या मराठी शब्दांचा नाद पहिल्यापासून. पोरं ज्यांना कंटाळतात ते शब्द मला गोड लागायचे. संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी. शब्द उच्चारला की प्राणी समोर येऊन उभा. कंटकचर्मी म्हटलं की हाताला काटा टोचतोच. तोच नियम मी आमच्या घरच्या सृष्टीला लावला, की नाव ऐकल्याबरोबर जनावर दिसलं पाहिजे. ज्यांच्या कातडीवर गंज चढतो आणि दर पावसाळ्यानंतर तो गळून खालून नवी कातडी येते, ते गंजकांती. त्या गळलेल्या गंजाच्या सालीला तांबकात. हा शब्द अर्धा तिचा आहे. तिच्या बाबांच्या शेतात गव्हावर तांबेरा पडायचा, तो तिनं डोळ्यांनी पाहिलेला. ज्यांचं नाक कायम उत्तरेकडं वळतं ते चुंबकनासी, हे बिचारे झोपेतसुद्धा कूस बदलू शकत नाहीत. भट्टीच्या धगीजवळच ज्यांना झोप लागते ते भट्टीनिद्र. दिवाळीला मिला बंद झाल्या की त्यांचे डोळे टक्क उघडे.

भांडणंही व्हायची. एकदा शाळेची सहल रोलिंग मिलमध्ये नेली होती. लालभडक सळई रोलमधून सरकताना तिच्या अंगावरून करडे पापुद्रे सुटून पडतात, ते पोरगी तोंड उघडं टाकून बघत राहिली. घरी येऊन तिनं ते पापुद्रे चाटणारा प्राणी काढला, जीभ ही लांब. मी ऐटीत म्हणाले, “पर्पटीभक्षी.”

“असलं नाव ऐकून तो पळून जाईल, आत्या.”

“मंग तू काय म्हणतीस?”

“पापुद्रेचाट्या.”

“हे काय नाव झालं? शास्त्रात ‘चाट्या’ चालत न्हाई.”

“मग पाळण्यातलं नाव पर्पटीभक्षी आणि हाक मारायचं पापुद्रेचाट्या. माझं न्हाई का, शाळेत एक आणि घरी एक?”

बिनतोड होतं. तेव्हापासून प्रत्येकाला दोन नावं. जलभीरू नावाचा एक होता, पाण्याच्या थेंबाला घाबरून दिवसभर कोरडी जागा शोधत फिरणारा. त्याला घरात आम्ही ओलभित्रा म्हणायचो. तो माझा सगळ्यात लाडका.

आणि पाळण्यातलं नाव म्हटल्यावर बारसंही आलंच. आमच्यात बारशाला आधी त्रिसरण-पंचशील होतं, खीर वाटतात, मग पाळण्यापाशी आत्याला हाक मारतात. नाव बाळाच्या कानात पहिल्यांदा सांगायचं आत्यानंच. ती ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते आणि मागं उभ्या असलेल्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. हा धपाट्यांचा मान मोठा. बिनलग्नाच्या बाईला घरच्या कार्यात ‘बस तिकडं एका बाजूला’ एवढीच जागा असते, पण भाचीच्या बारशाला सगळं घर माझ्यावाचून खोळंबलं होतं. वहिनीनं तर इतका जोरात धपाटा घातला की मी पाळण्यावर पडता पडता वाचले. तिचं नाव मी ठेवलं. मग तिच्या जनावरांचं दुसरं कोण ठेवणार? ती कागद सुपात ठेवायची, मी वाकून कागदाच्या कोपऱ्यात, जिथं तिनं कान काढलेला असायचा तिथं, नाव सांगायचे आणि ती माझ्या पाठीत धपाटा घालायची. गुळाचा खडा आणि शेंगदाणे, झालं जेवण. बारसं होईपर्यंत ती त्या प्राण्याला फक्त ‘बाळ’ म्हणायची. चुकूनसुद्धा दुसरं नाव तोंडात येऊ द्यायची नाही. याबाबतीत ती आजीबाईसारखी कडक होती.

ह्या नादात एकदा वर्गात माझी फजिती झाली. फळ्यावर प्राण्यांचे संघ लिहीत होते, मृदुकाय लिहिलं, कंटकचर्मी लिहिलं आणि हाताच्या ओघात त्याखाली गंजकांती लिहून मोकळी झाले. पोरांनी इमानदारीनं उतरवून घेतलं. चाचणीत अर्ध्या वर्गानं गंजकांतीची लक्षणं लिहिली, आणि एकीनं तर उदाहरण म्हणून ‘पत्र्याची टाकी’ लिहिलं. मी तिला पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी पेपर पुढ्यात धरून विचारलं, “बाई, हा प्राणी अभ्यासक्रमात कवापासून आला?” मी म्हणाले, “येईल सर, पुढंमागं.” घरी सांगितलं तर पोरगी जमिनीवर लोळून हसली.

बारावी झाली, पुण्याला चित्रकलेच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला. जायच्या आदल्या दिवशी दुपारी भयंकर उकडत होतं. तिनं माझ्या पाठीला पावडर लावली, तशी ती रोजच लावायची, आणि मग कोपऱ्यात बसून एक चित्र काढलं. मोठा, बोजड, पोलादी कण्याचा प्राणी. अंगभर तपकिरी गंज, फक्त पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध एक गोल कोरा सोडलेला.

“इथं गंज कामून न्हाई?”

“तिथं दुसरा येऊन पाठ घासतो ना. हे पाठीला पाठ लावून राहतात. स्वतःची तिथली जागा स्वतःला घासता येत न्हाई.”

“आणि दुसरा गेला तर?”

“मंग पहिल्यांदा तिथंच गंज चढतो,” ती म्हणाली. कंपासपेटी आवरत, सहज. सतराव्या वर्षी माणूस असल्या गोष्टी सहजच म्हणतं.

नाव माझ्या जिभेवर आलं होतं. सूप पुढ्यात होतं, गूळ वाटीत होता. मी म्हणाले, “याचं दिवाळीत ठेवू.” मनात म्हटलं, एक बाळ बिननावाचं राहिलं तर पोरगी परत येईल, बारशासाठी तरी येईल. दिवाळीत ती वाटूरला आली, माझ्याकडं एक दुपार येऊन गेली आणि हातातल्या फोनमधून डोकं वर काढलं नाही. तिला दोष देत नाही. पिल्लू उडावं म्हणूनच आपण त्याला दाणे घालतो. पण त्या दुपारी तिनं बाळाची आठवण काढली नाही आणि मीही काढून दिली नाही. माझाही अभिमान काही कमी नाही.

नंतर घरात नुसती नावं राहिली. मला चित्र काढता येत नाही, मी काढलेली गाय आणि गाढव एकच. भाजी चिरताना एखादा शब्द सुचायचा, झणत्कंठी, ज्याच्या गळ्यातून भांडं पडल्यासारखा आवाज निघतो तो, आणि पुढं काय करायचं ते कळायचं नाही. जनावर नसलेलं नाव कुणाच्या कानात सांगणार? शाळा होती तोवर दिवस जायचे. शाळा सुटली तशी मी एकेक नाव मनातल्या मनात म्हणत गच्ची झाडायला लागले. एकही विसरले नाही. लोकांच्या तोंडी अभंग असतात, माझ्या तोंडी हे.

म्हणून सांगते, त्या सकाळी फोनवर तिनं विचारलं तेव्हा सगळीच्या सगळी नावं मी एका दमात सांगू शकले असते. लोहपची सांगितलं, गंजकांती सांगितलं, आणि तिसरं ओठांवर आलं तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. नावं संपली की फोन संपणार.

“थांब गं,” मी म्हणाले. “ते काहीतरी नाकाचं होतं. आता आठवेना. वय झालं. आठवून सांगते.”

“सांग हं, आत्या. मी उद्या करते.”

दुसऱ्या दिवशी तिनं केला. मी चुंबकनासी दिलं आणि भट्टीनिद्र ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच विचारलं, ते झोपायचं कुणाला म्हणायचो? मी कपाळाला हात लावल्याचं नाटक केलं, फोनवर कुणाला दिसतंय, तरी केलं. बाजारात मोसंबीवाली जशी एकेक फळ हातात फिरवून तागडीत ठेवते, तशी मी एकेक नाव देत होते. नावामागून गोष्टी निघायच्या. सहल, गच्ची, मुख्याध्यापक, पर्पटीभक्षीचं भांडण. फोन अर्धा तास, कधी तास. मी रोज सकाळी लवकर आंघोळ करून, केस विंचरून बसायला लागले, जणू कुणी घरीच येणार आहे. गवारीची भाजी करणं बंद केलं, कारण ती निवडत बसलं की फोन धरता येत नाही.

भावाला मी मिरवून सांगितलं, “तुझी पोरगी मला रोज फोन करते बरं का.”

तो म्हणाला, “आम्हाला तर आठ-आठ दिवस करत न्हाई. केला तर ‘कामात आहे’ म्हणून ठेवते.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. ओलभित्रा मी सगळ्यात शेवटी द्यायचा ठरवला होता. तो दिला की पोतडी रिकामी. म्हणून पावसाचा विषय निघाला की मी गोष्ट दुसरीकडं वळवायचे.

आणि एका मंगळवारी, मी पापुद्रेचाट्याच्या जिभेबद्दल बोलत असताना ती मधेच म्हणाली, “पण आत्या, पाऊस आला की ओलभित्रा कुठं जाऊन बसायचा? भट्टीच्या मागं ना?”

हे नाव मी तिला सांगितलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही. पहिल्या दिवशी पार विसरले म्हणणारी ही पोरगी ते इतक्या सहज म्हणाली, जसं आपण घरच्या मांजराचं नाव घेतो.

पहिला आला तो राग. माझा राग नाकावरच असतो, वर्गाला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत आहे. वाटलं, म्हातारीला नादी लावलंय. कुणीतरी सांगितलं असेल, आत्या एकटी पडली, करत जा तिला फोन. आणि मी केस विंचरून बसत होते.

“तुला सगळी नावं येतात,” मी म्हणाले. “मंग मला कशाला विचारून राह्यलीस? कीव आली का माझी?”

पलीकडं शांतता होती, आणि त्या शांततेत कुकरची शिट्टी झाली. एकच. लहान कुकरची. मी जन्मभर वर्गात पोरांचं गप्प बसणं ऐकलं आहे. डबा न आणलेलं पोर कसं गप्प बसतं आणि खोडी केलेलं कसं, ते मला पाठमोरी असतानाही कळतं. हे डबा न आणलेल्या पोराचं गप्प बसणं होतं. मग सगळं एकदम ध्यानात आलं. मंगळवार, भर सकाळ, रोज हीच वेळ. मागं कधी ऑफिसचा आवाज नाही, कुणी हाक मारत नाही, ‘आत्या, ठेवते, मीटिंग आहे’ नाही. इतके दिवस मी माझीच पाठ खाजवत बसले होते.

“कुठं आहेस तू?”

“रूमवर.”

“आज सुट्टी न्हाई.”

“न्हाई.” मग ती हळूहळू म्हणाली, “तो खेळ कवाच बंद पडला, आत्या. आम्हाला सगळ्यांनाच घरी बसवलं. होळीच्या आधीच.”

“तुझ्या बाबांना माहीत आहे?”

“कुणालाच न्हाई. सोबतच्या मुली सकाळी कामाला जातात, मग दिवसभर मी आणि भिंती. अर्ज करते, उत्तर येत न्हाई. एक दिवस दुपारी दूधवाल्याशी बोलायला गेले तर आवाजच फुटेना, कालपासून तोंडातून शब्दच न्हवता गेला. घाबरले मी. मंग वाटलं, तुला नावं विचारावीत. नावं सांगताना तू किती बोलतीस. मला सगळी येतात. एक बी विसरले न्हाई मी. पण नुसतं ‘आत्या, बोल माझ्याशी’ कसं म्हणायचं?”

मला हसू यायला लागलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथं दोघींचं जळत होतं आणि दोघींनाही धूर दिसला नव्हता.

“मी बी विसरले नव्हते,” मी म्हणाले. “मुद्दाम एकेक देऊन राह्यले होते.”

“म्हणजे तू बी?”

“मी बी.”

ती हसली. हसता हसता रडली, ते मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. कुकरची दुसरी शिट्टी झाली. मी म्हणाले, “गॅस बंद कर आधी. भात करपेल.” ती गेली, परत आली. फोन दोघींनीही ठेवला नाही.

“आत्या, त्या बाळाचं काय गं?” तिनं विचारलं. “दिवाळीत ठेवू म्हणाल्तीस. ते तसंच राह्यलंय. मी त्याला अजून बाळच म्हणते.”

मी पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं मला वाटत होतं ती विसरली.

“फोनवर बारसं होत न्हाई,” मी म्हणाले. “नाव कानात सांगावं लागतं.”

“मग मी येऊ का?”

पाचवीला आली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, भावानं पेटी आणून सरळ दारात ठेवली होती. आता तिला विचारावं लागत होतं, आणि आवाज असा, की नाही म्हटलं तर ती समजून घेईल. मला फार वाईट वाटलं. “हे काय विचारणं झालं?” मी म्हणाले. “जल्दी नीघ.”

दोन दिवसांनी ती आली. मी स्टेशनावर जाणार होते, पण तिनं ऐकलं नाही, रिक्षा करून दारात उतरली. चेहरा एवढासा झालेला, गळ्याची हाडं दिसत होती. दारात दोघीही जरा अवघडलो. मी ‘चहा टाकते’ म्हणून आत पळाले. ती पिशवी ठेवायला आतल्या खोलीत गेली.

चहा घेऊन गेले तर ती पलंगापाशी उभी. चादर तशीच होती, सकाळची. आवरायची राहून गेली होती. पांढरी पावडर पसरलेली, मधे माझ्या पाठीचा उमटलेला आकार, आणि त्या आकाराच्या बराबर मधोमध जशीच्या तशी राहिलेली पावडरीची ढिगी.

“हे काय, आत्या?”

“पावडर.”

“चादरीला?”

“मंग पाठीला कोण लावणार?”

ती माझ्याकडं बघत राहिली. शिकवताना एखाद्या पोराला अवघड गणित अचानक कळतं तेव्हा तोंड असंच होतं. तिनं माझ्या हातातला चहा घेतला, खिडकीत ठेवला, फळीवरचा पावडरीचा डबा काढला.

“पाठ कर इकडं.”

मी पलंगावर बसले, तिच्याकडं पाठ करून. तिचा हात लागला. आधी खांद्यावर, मग सरकत सरकत त्या जागेवर. कुणाचा हात तिथं लागून किती उन्हाळे झाले असतील, त्याचा हिशेब मी करणार नाही. मी भिंतीकडं बघत होते. सूप नव्हतं, गूळ नव्हता, आणि कानात सांगायचं तर तिचा कान मागं होता. तरी इतकी वर्षं जिभेखाली धरलेलं नाव मी मोठ्यानं म्हणाले.

“उजळपाठी.”

हात थांबला. मागं श्वास ऐकू येत होता. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

“बारसं झालं,” मी म्हणाले. “आता धपाटा घाल.”

तिनं घातला. हलकाच, भीत भीत, म्हातारं माणूस मोडेल म्हणून. पावडर उडून माझ्या नाकात गेली.

“जोरात घाल,” मी म्हणाले. “आणि जरा डावीकडं.”